भावकीतून शिष्यत्व घडते का? एका मॅरोनाइट धर्मग्रामाच्या निमित्ताने

अर्नाळकरीण (धागाकर्ती):

सिडनीतले हॅरिस पार्क मराठी मंडळींना बहुधा विग्रम स्ट्रीटवरच्या डोशाच्या आणि चाटच्या दुकानांमुळे माहीत असते. त्याच उपनगरात मॅरोनाइट, म्हणजे मूळच्या लेबनॉनकडच्या कॅथलिक, ख्रिस्ती लोकांचे ‘अवर लेडी ऑफ लेबनॉन’ हे मोठे चर्च आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मी वसईची, म्हणजे लॅटिन विधीची (रोमच्या उपासनापद्धतीची) कॅथलिक. पण प्रथम घराजवळ पडते म्हणून आणि पुढे ओढ लागली म्हणून, गेली सहा वर्षे मी याच भागातल्या एका मॅरोनाइट धर्मग्रामात (एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या मंडळात) मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाते. परवा वसईकरांच्या जेवणात एकाने विचारले, “ते तर लेबनीज लोकांचे मंडळ, तिथे तुझ्या श्रद्धेला काय मिळणार?” तिथे माझे उत्तर अर्धवट राहिले, म्हणून ते इथे मांडते. विरोधी मते जरूर यावीत.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर सीरियातल्या डोंगरावर उघड्या आभाळाखाली राहणारा मारून नावाचा एक तपस्वी होऊन गेला. त्याने ना ग्रंथ लिहिला, ना पंथ काढला. शिष्य आपणहून जमले आणि त्यांच्यातून उभी राहिलेली ख्रिस्तसभा लेबनॉनच्या डोंगरांत टिकून राहिली. ती रोमशी पूर्ण एकजीव आहे, पण तिचा कुलगुरू (पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्माध्यक्ष) वेगळा, पंचांग वेगळे आणि उपासनेची मूळ भाषा सिरियाक, म्हणजे प्रभू येशू बोलत असे त्या अरामी भाषेची बहीण. ऑस्ट्रेलियात त्यांचे पहिले चर्च १८९७ साली रेडफर्नला झाले आणि स्वतंत्र धर्मप्रांत १९७३ मध्ये मिळाला.

माझे म्हणणे असे की शिष्यत्व अंगवळणी पडावे लागते, आणि रोज दिसणाऱ्या माणसांच्या, म्हणजे भावकीच्या, धाकात व मायेत वावरल्याखेरीज ते पडत नाही. मॅरोनाइट मिस्सेत शांतीचे अभिवादन कसे होते ते पाहा. आपल्याकडे आपण शेजाऱ्याकडे वळून हात जोडतो. तिथे धर्मगुरू आधी वेदीला आणि प्याल्याला हात लावतो, तीच शांती सेवकांच्या हाती देतो, आणि ते खाली उतरून बाकांच्या टोकाशी बसलेल्यांना देतात. देणारा आपले जोडलेले तळवे पुढे करतो, घेणारा ते क्षणभर आपल्या तळव्यांत धरतो आणि मग पुढच्याकडे वळतो. अशा रीतीने वेदीपासून निघालेली शांती हातोहात सरकत येते. ज्याच्याकडून ती घ्यायची, त्याच्याशी कालच पार्किंगवरून वाद झालेला असतो. हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा अधिक शिकवून गेले.

दुसरा दाखला सिडनीत सर्वांना माहीत आहे. १ फेब्रुवारी २०२० रोजी ओटलंड्स इथे आइस्क्रीम आणायला पायी निघालेल्या चार मुलांना नशेतल्या एका चालकाने गाडीखाली चिरडले. त्यांत तीन सख्खी भावंडे होती आणि चौथी त्यांच्या नात्यातली बहीण. कुटुंबे मॅरोनाइट. काही दिवसांतच त्या तीन भावंडांच्या आईने, चालकाला आपण क्षमा केली आहे, असे सर्वांसमक्ष सांगितले, आणि पुढच्या वर्षापासून १ फेब्रुवारी हा क्षमेचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. ज्या पदपथावर ते घडले तिथे लोक जमून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत होते. ती क्षमा त्या बाईंची स्वतःची होती हे खरेच. तिला उभे राहायला जी जमीन लागली ती धर्मग्रामाने दिली, असे मला वाटते.

नगरकर:

अर्नाळकरीणताई, लेख मनापासून लिहिला आहे, तरी मूळ मुद्दाच मला पटत नाही. मी अहमदनगरच्या प्रोटेस्टंट घरातला, त्यामुळे माझा पूर्वग्रह आधीच कबूल करतो.

ओटलंड्सच्या त्या मातेपुढे मी नतमस्तक आहे. पण क्षमेचे श्रेय भावकीला देताना आपण ग्लॅडिस स्टेन्स यांना विसरता. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर इथे त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. त्यांनीही क्षमा केली, आणि पुढे कित्येक वर्षे बारिपद्यातच राहून कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. त्यांच्यामागे ना सिरियाक स्तोत्रे होती, ना गावकी, ना पंधराशे वर्षांची परंपरा. घरापासून हजारो मैल दूर परक्या मुलखात त्या होत्या.

शिवाय ज्यांची नावे आपण घेता तेच आपल्या विरुद्ध साक्ष देतात. मारून गाव सोडून डोंगरावर गेला. आज ज्यांची तसबीर प्रत्येक लेबनीज घरात दिसते ते संत शर्बेल १८५१ मध्ये घरच्यांना न सांगता निघून गेले आणि आयुष्याची शेवटची तेवीस वर्षे त्यांनी एकांतकुटीत काढली. प्रभूने तर भर सभेत विचारले होते, माझी आई कोण आणि माझे भाऊ कोण? मार्कच्या तिसऱ्या अध्यायातला तो प्रश्न भावकीच्या थेट मुळावर येतो.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा ठेवली होती. शिष्यत्वाचे दार इतके रुंद हवे. लेबनॉनमधल्या झगर्ता, बशर्री, कफरसगाब अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांच्या मेळ्यात ते तसे राहते का? सहा वर्षांत शेजारच्या बाकावरच्या बाईंनी आपल्याला काय विचारले, तेवढे सांगाल का?

कल्याणहून:

मी मूळचा केरळी, जन्म आणि शिक्षण डोंबिवलीचे. हाच वाद आमच्या घरी तीन पिढ्या चालू आहे. १९८८ मध्ये सीरो-मलबार विधीच्या (केरळातल्या पौर्वात्य कॅथलिक) लोकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तोवर माझे आजोबा शेजारच्या लॅटिन चर्चमध्ये मराठी गायनमंडळात बाजाची पेटी वाजवत असत. स्वतंत्र धर्मग्राम मिळाल्यावर आजीला आपली भाषा परत मिळाली म्हणून ती रडली, आणि आजोबांची पेटी सुटली म्हणून ते गप्प झाले. दोघांचेही खरे होते.

नगरकरांना एवढेच म्हणतो की परंपरा जपणे म्हणजे दार लावून घेणे, असे समीकरण मांडू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक धर्माध्यक्षांच्या जागतिक सभेने) १९६४ मध्ये पौर्वात्य ख्रिस्तसभांना आपापले विधी जपायला सांगितले, ते काही संग्रहालयासाठी नव्हे. अर्नाळकरीणताईंना मात्र इशारा द्यावासा वाटतो. आमच्याकडे ओणमचे जेवण आणि मिस्सा यांतला फरक तरुण पोरांना सांगता येईनासा झाला आहे. जेवणाला सगळे येतात.

काठावरचा:

मी ख्रिस्ती नाही. कामानिमित्त दोन वर्षे बैरूतला होतो. या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलत नाही. लेबनॉनमध्ये मॅरोनाइट असणे ही आधी नागरी नोंद आहे. १९४३ च्या राष्ट्रीय करारापासून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट असावा हा संकेत आहे. लग्न, घटस्फोट यांचे कायदे धर्मसमाजागणिक वेगळे असून देशात नागरी विवाहाची सोयच नाही, त्यामुळे जोडपी विमानाने सायप्रसला जाऊन लग्न लावतात. जिथे धर्म हा सत्तेतल्या वाट्याचा हिशेब आहे, तिथे कोण शिष्य आणि कोण नुसता सभासद, हे कसे ओळखायचे? लेबनॉनच्या यादवीत गळ्यात क्रूस घालून बंदूक चालवणारेही याच धर्मग्रामांतून आले होते.

अर्नाळकरीण:

सर्वांचे आभार. काठावरचे यांचा मुद्दा सर्वांत जड आहे आणि त्यावर माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. एवढेच सांगते की सिडनीत तो वाटा नाही. इथे मॅरोनाइट असण्याने खुर्ची मिळत नाही, मग रविवारी सकाळी माणूस का येतो हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडतो. उपवासकाळाचेच पाहा. त्यांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होत नाही. काना गावच्या लग्नाचे शुभवर्तमान रविवारी वाचतात आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, राख लावतात. पहिल्या वर्षी मी कपाळावर राख घेऊन कचेरीत गेले, तर गोव्याचा सहकारी म्हणाला, “बाई, तुझा बुधवार दोन दिवस आधीच उगवला वाटते!” आपण कोणाचे आहोत हे परक्यांसमोर सांगायची वेळ मला वसईत कधी आली नव्हती, तिथे सगळेच आमचे होते.

नगरकर, संत शर्बेल घर सोडून गेले हे खरे. पण एकांतकुटीत जाण्याआधी ते अन्नायाच्या मठात सोळा वर्षे इतरांबरोबर राबले, आणि वरिष्ठांची परवानगी मिळाल्यावरच १८७५ मध्ये तिथे गेले. ग्लॅडिसबाईंचा दाखला मी मानते. तरी क्षमेचा उच्चार करण्यापूर्वी त्यांनी वर्षानुवर्षे बारिपद्यात रोग्यांमध्ये दिवस काढले होते. माणसे त्यांनाही लागलीच, फक्त ती रक्ताची नव्हती. इथे माझे भावकीचे म्हणणे लंगडे पडते, हे दिसते आहे.

शेजारच्या बाईंचे विचारता, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, “तुमचे गाव कोणते?” मी म्हटले, अर्नाळा. त्या बराच वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “हे उत्तरेकडे असेल, नाही का?” पुढची दोन वर्षे त्या मला लेबनीजच समजत होत्या, आणि खरे कळल्यावर खजील होऊन घरी भरलेल्या द्राक्षपानांचा डबा घेऊन आल्या.

नगरकर:

डबा पोहोचला याचा आनंद आहे. पण ताई, आपण त्यांच्या गावच्या वाटल्या म्हणून दोन वर्षे आपल्याशी गोड बोलणे झाले. ज्याचा चेहरा उत्तरेकडच्या कुठल्याच गावचा वाटणार नाही, असा एखादा सुदानी किंवा व्हिएतनामी माणूस शेवटच्या बाकावर येऊन बसला, तर वेदीपासून निघालेली ती शांती त्याच्यापर्यंत जाते का?

अर्नाळकरीण:

पहिल्या वर्षी मी शेवटच्याच बाकावर बसत असे. चर्च भरलेले असले की मागे पोहोचायला वेळ लागतो, आणि कित्येकदा हात पुढे धरून मी उभी असतानाच पुढची प्रार्थना सुरू होत असे. म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी मधल्या रांगेत बसू लागले. मागे आता कोण बसते, हे मी वळून पाहिलेले नाही.