गाडी दहा हजारांनी महाग, टॅक्स अकरा हजारांनी जास्त: हे कुठलं गणित?

विश्रामबागकर (सांगली)
नवी पेट्रोल गाडी बघतोय. एका व्हेरिएंटची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार, त्याच्या वरच्याची १० लाख ५ हजार. फरक दहा हजारांचा. म्हटलं, घेऊ वरची. मग आरटीओ टॅक्सचा आकडा पाहिला.

आपल्याकडं वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्यापुढं १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर आणखी दोन टक्के. इन्कम टॅक्समध्ये वाढीव दर वरच्या रकमेपुरताच असतो, इथं तो अख्ख्या किमतीवर बसतो. म्हणून पहिल्या गाडीला १,०९,४५० रुपये आणि दुसरीला १,२०,६००. दहा लाखांची रेघ जरा ओलांडली की अकरा हजार दीडशे जादा.

त्यात एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो. करावर कर. आणि गाडीच्या सगळ्या आयुष्याचा टॅक्स पहिल्याच दिवशी एकरकमी भरायचा, भले गाडी पाचव्या वर्षी विका. एवढं भरून पुण्याला निघालं की तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे तीन टोल आहेतच. पेठ नाक्यापर्यंतच्या रस्त्यानं तर आमची कंबर किती वर्षं मोडली हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

टॅक्स नको असं मी म्हणत नाही. पण हप्त्यानं घ्या. बीएच नंबरवाल्यांना (भारत सिरीज, राज्य बदललं तरी तोच नंबर चालतो) दोन-दोन वर्षांनी भरायची सोय आहे, मग एमएच १० वाल्या सांगलीकरांनी काय घोडं मारलंय?

सीमेवरचा (म्हैसाळ)
दादा, एवढा जीव कशाला जाळताय? कर्नाटकातलं कागवाड हाकेच्या अंतरावर आहे. तिकडं कुणी पाव्हणं असतील तर त्यांच्या पत्त्यावर केए पासिंग करून टाका.

एमएच५० (कराड)
@सीमेवरचा, हा सल्ला देणारा गावोगावी एकजण असतोच. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के आहे, सेस वेगळा. इथले पैसे वाचवायला तिकडं जायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि १९८८चा मोटार वाहन कायदा सांगतो की जिथं राहता किंवा धंदा करता आणि गाडी जिथं उभी असते, तिथंच नोंदणी. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, टॅक्ससकट.

माणदेशी गडी (दहिवडी)
मला हे रडगाणं पटत नाही, स्पष्टच बोलतो.

दहिवडीहून साताऱ्याला एसटीनं जाणाऱ्या माणसाच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो. तो प्रत्येक फेरीला भरतो, आयुष्यभर. त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही. दहा लाखांची गाडी घेणाऱ्याला ११ टक्के एकदाच भरायचे, ते पण बहुतेक कर्जात बसवून, तर आभाळ कोसळतंय!

हप्त्याचं म्हणाल तर तो थकवणाऱ्यांच्या मागं आरटीओनं कुठवर फिरायचं? पुन्हा दंड, व्याज, अडकलेली कागदपत्रं. आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्याच्या गळ्यात आधीच्या मालकाची थकबाकी. एकरकमी पद्धतीत निदान एवढं तरी सुख आहे की गाडी घेतली की टॅक्सचा विषय मिटला.

चिडायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीवर चिडा. २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के टॅक्स सुचवला आणि त्याच महिन्यात मागं घेतला. सीएनजीचा एक टक्का मात्र वाढवला. चाळीस लाखांच्या ई-गाडीला शून्य, आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजी घेणाऱ्याला वाढ. यावर बोला की राव.

विश्रामबागकर
सीएनजीचं शंभर टक्के मान्य. पण एसटीवाल्यावर अन्याय होतो म्हणून माझ्यावर झालेला न्याय कसा ठरतो? मूळ मुद्द्याला तुम्ही हातच लावला नाही. पहिल्या दहा लाखांना ११ आणि वरच्या पाच हजारांनाच १२ टक्के लावले, तर टॅक्स १,१०,६०० होतो. एवढं करायला सरकारला काय अडचण आहे?

माणदेशी गडी
टप्प्यांचं तेवढं बरोबर आहे तुमचं. ते बदलायलाच पाहिजे. हप्त्याला मात्र माझा विरोध कायम.

कृष्णाकाठ (वाई)
थोडं विषयांतर. ऑन-रोड किमतीत ‘आरटीओ’ म्हणून जो आकडा दाखवतात, तो सगळा सरकारचा नसतो. सरकारचं म्हणजे नोंदणीची फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १५००, स्मार्ट कार्डाचे २००. आणि टॅक्स. टॅक्सची पावती ऑनलाइन निघते, ती शोरूमकडून मागून घ्या आणि कोटेशनशी ताडून बघा. माझ्या भावाच्या कोटेशनात ‘हॅन्डलिंग’ म्हणून काही हजार घुसवले होते. कशाचे म्हणून विचारल्यावर मॅनेजरनं निमूटपणे काढून टाकले. सरकारवर एवढं तोंडसुख घेताय, थोडं शोरूमवाल्यांसाठी पण राखून ठेवा.

विश्रामबागकर
हे बघायला पाहिजे. एक विचारतो, आमच्या मंडळी राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. त्यांना बीएच मिळेल का?

एमएच५० (कराड)
मिळायला हवं. केंद्र-राज्य सरकारचे कर्मचारी, सैन्यदल आणि सरकारी उपक्रमांतले लोक त्यात येतात, त्यांना ऑफिसचं ओळखपत्र लागतं. खासगी नोकरीवाल्यांची कंपनी चार किंवा जास्त राज्यांत पाहिजे आणि फॉर्म ६० भरून घ्यावा लागतो. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोलला ८ टक्के, दहा ते वीसला १०, आणि तेही जीएसटी सोडून किमतीवर. गाडी मात्र वहिनींच्याच नावावर घ्यावी लागेल. दर दोन वर्षांनी टॅक्सची तारीखही लक्षात ठेवायची. आणि विकताना घेणारा बीएचच्या नियमात बसत नसेल, तर त्याला साधा एमएच नंबर घेऊन इथला टॅक्स भरावा लागतो. तेवढे पैसे तो तुमच्या किमतीतून पाडून मागणार, हे आत्ताच धरून चाला.