मदत हवी आहे : सीटीतली गाठ २४ मिमीची धरायची की ९?

सासूबाई ६४ वर्षांच्या, तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नाही. खोकला हटेना म्हणून एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला, मग सीटी. रिपोर्ट असा: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात २४ मिमीची पार्ट-सॉलिड (अर्धवट घट्ट) गाठ, त्यात सॉलिड भाग ९ मिमी, बाकी ग्राउंड ग्लास (धूसर काचेसारखा दिसणारा भाग). कडा स्पिक्युलेटेड (काटेरी). प्लुराकडे (फुफ्फुसाच्या आवरणाकडे) गेलेली एक रेघ. १० मिमीच्या वरचा लिम्फ नोड नाही. शेवटी 'अ‍ॅडिनोकार्सिनोमाची शक्यता, बायॉप्सी करावी', म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार असू शकतो.

बायॉप्सी पुढच्या आठवड्यात. तोवर दीर २४ आकडा धरून बसलेत, नणंद ९. मी 'स्पिक्युलेटेड'चा अर्थ शोधला आणि झोप घालवून बसले.

तुकडा न काढता प्रकार कसा सांगतात? आणि पुढे कितपत बरं होईल, हे यावरून कळतं का? डॉक्टरांना काय विचारू?

प्रतिसाद :
ताई, मी रेडिओलॉजीत काम करतो, पण स्कॅन पाहिलेला नाही, हे धरूनच वाचा.

नणंदबाईंचा आकडा जास्त कामाचा. टीएनएम या कर्करोगाची पायरी ठरवण्याच्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीपासून अशा गाठीची 'टी' (मूळ गाठीची) पायरी सॉलिड भागावर ठरते. ९ मिमी म्हणजे टी१ए. पूर्ण सॉलिड २४ मिमी असती तर टी१सी, म्हणजे दोन पायऱ्या वर. ग्राउंड ग्लासमध्ये पेशी बहुधा हवेच्या पिशव्यांच्या भिंतींवरून पसरत असतात, आत घुसण्याची शक्यता सॉलिड भागात जास्त. अ‍ॅडिनो म्हणण्याचं कारणही हेच. स्क्वॅमस हा दुसरा प्रकार बरेचदा मोठ्या श्वासनलिकेजवळ असतो, कधी मधे पोकळी पडते. स्मॉल सेल या आणखी एका प्रकारात बहुधा छातीच्या मध्यभागी मोठमोठे लिम्फ नोड दिसतात. तरी हा अंदाजच. टीबीची जुनी खूणही कधी काटेरी दिसते. औषध निवडायला ईजीएफआरसारख्या जनुकांच्या चाचण्या करतात, त्यांनाही बहुधा तुकडाच लागतो.

९ भागिले २४ म्हणजे साधारण ०.३८, म्हणजे सॉलिड भाग निम्म्याहून कमी, ग्राउंड ग्लास जास्त. जपानच्या जेसीओजी १२११ अभ्यासात ३ सेमीपर्यंतच्या, ग्राउंड ग्लास जास्त असलेल्या गाठींमध्ये फुफ्फुसाचा पूर्ण लोब न काढता त्यातला फक्त गाठीचा छोटा भाग (सेगमेंट) काढला होता. ५ वर्षांनी ९८ टक्के रुग्ण आजार न उलटता हयात होते. काटेरी कडा मात्र दुर्लक्षू नका, त्या घुसखोरीकडे बोट दाखवतात. प्लुराची रेघ नुसती ओढ असू शकते.

विचारा: माप पातळ स्लाइसवर (सीटीच्या पातळ कापांवर), लंग विंडोत (फुफ्फुस नीट दिसेल अशा सेटिंगमध्ये) घेतलंय का? ५ मिमीच्या स्लाइसवर ९ चा आकडा डळमळीत असतो. जुना सीटी किंवा एक्स-रे असेल तर सोबत न्या, वाढीचा वेग कळतो.

धागाकर्ती :
रिपोर्टमध्ये स्लाइस १.२५ मिमी लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियात काढलेला एक सीटी आहे, त्याची सीडी कपाटात सापडली. उद्या दोन्ही घेऊन जाते. दिरांना अजून काही सांगितलेलं नाही.