ओल्सडॉर्फ: दफनभूमी की बाग?

एल्बेकाठचा: हॅम्बुर्गची ओल्सडॉर्फ दफनभूमी पाहून आलो. ३८९ हेक्टर! आत शहराच्या बस फिरतात, त्यांचे थांबेही आहेत. दुतर्फा झाडांचे वळणदार रस्ते, तळी, कारंजी, मे-जूनमध्ये रोडोडेंड्रॉनच्या फुलझुडपांचा बहर. १८७७ साली सुरू झालेली ही जागा वास्तुरचनाकार विल्हेल्म कॉर्डेसने बागेसारखीच आखली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिला ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च बक्षीस, मिळालं. पण मला वाटतं, हा थाट जिवंतांसाठी होता, त्यातही पैसेवाल्यांसाठी. मेलेल्याला कारंज्याचं काय?

जुनी_वही: मेलेल्याला दगडाचंही काही नसतं हो. मग दगड तरी कशाला? मुळात ही जागा शहराबाहेर का गेली ते बघा. हॅम्बुर्गच्या डामटोर नावाच्या वेशीबाहेरच्या जुन्या दफनभूम्या भरत आल्या होत्या आणि शहर वाढत त्यांच्या अंगावर आलं होतं. एवढ्या लांब आपलं माणूस ठेवायचं, तर जागा ओकीबोकी असून कसं चालेल? शिवाय इथं पंथ विचारून जागा देत नव्हते. बागेचा आडोसा गरिबाच्या कबरीलाही मिळाला.

एल्बेकाठचा: आडोसा मिळाला, पण कोणाला? श्रोडर या श्रीमंत घराण्याचं मॉसोलियम, म्हणजे कबरीवरची इमारत, पाहा, देऊळच जणू! झाडी कितीही लावा, ते लपत नाही.

रेघोटी: हाच आक्षेप तेव्हाही होता. कॉर्डेस १९१७ मध्ये गेला. पुढे शहराच्या उद्यानांचा प्रमुख ओटो लिन्नने पूर्वेचा भाग अगदी वेगळा आखला: सरळ रस्ते, कुंपणासारख्या कातरलेल्या झुडपांच्या रांगा, कबरींना ठरावीक मापं. बडेजावाला जागाच ठेवली नाही. मला तोच भाग जास्त प्रामाणिक वाटतो.

जुनी_वही: प्रामाणिक असेल, पण मी तिथं अर्धा तास चाललो आणि गिरवायच्या वहीत शिरल्यासारखं वाटलं. दुःखातल्या माणसाला वळण लागतं, पुढे काय आहे ते लगेच दिसू नये म्हणून.

रेघोटी: ही झाली कविता. दुःखातल्या माणसाला आधी कबर सापडायला हवी! वळणावळणात आमची एक मावशी दोनदा चुकली.

एल्बेकाठचा: मीही चुकलो, शेवटी १७० नंबरच्या बसने बाहेर आलो. पैसेवाल्यांचा मुद्दा मात्र सोडत नाही.