मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा. असं का?

पतंग:
अंतर मोजायच्या साइटवर मुंबई ते न्यूयॉर्क (जेएफके विमानतळ) साडेबारा हजार किमी दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर १४ तास. थेट विमानाला मात्र जाताना सोळाच्या आसपास लागतात आणि येताना चौदा-सव्वाचौदा. त्यात तिकिटावर पहाटे १:३० ला निघून सकाळी ८ ला पोच. हिशोब कसा लावायचा?

नकाशावेडा:
भागाकार बरोबर आहे, भाज्य चुकलंय. साधारण १२,५३० किमी हे गोलावरचं कमीत कमी अंतर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. मुंबईहून तो उत्तर-वायव्येला निघतो, पाकिस्तान, मध्य आशिया, रशियावरून चढत नॉर्वे आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रावर जवळजवळ ६५ अंश उत्तरेला जातो आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक घासून खाली उतरतो. सपाट नकाशावर अरबस्तान-सहारावरून ‘सरळ’ वाटणारी रेघ उलट लांबची आहे.

पण त्या दोऱ्यावरून उडायला मिळायला हवं ना! अमेरिकी विमानांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंद केलं. वळसा नुसता ५ टक्के धरला तरी अंतर १३,१५० किमीच्या पुढे.

गच्चीवरून:
आणि वारा राहिलाच. ९०० हा हवेच्या तुलनेतला वेग, जमिनीच्या नव्हे. त्या उंचीवर जेट स्ट्रीम हा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणजे जाताना समोरून, येताना पाठीमागून. पूर्ण प्रवासात त्याची सरासरी ताशी ६० किमी धरू.

जाताना: १३,१५० ÷ ८४० = सुमारे १५ तास ४० मिनिटं.
येताना: १३,१५० ÷ ९६० = सुमारे १३ तास ४० मिनिटं.

दोन्हींत अर्धा तास मिळवा, कारण तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं त्यातच येतं. सीटसमोरच्या स्क्रीनवर ‘ग्राउंड स्पीड’ (जमिनीच्या तुलनेतला वेग) बघत बसा, वारा तिथे आकड्यात दिसतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, म्हणून जानेवारीतलं जाणं जास्त रेंगाळतं.

मधली_सीट:
१:३० ते ८ चा घोळ सोपा आहे. दोन्ही वेळा स्थानिक असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, एरवी साडेदहा. तिथले सकाळचे ८ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ५:३०. १:३० पासून मोजा, बरोबर सोळा तास. हिवाळ्यात निघायची वेळ तीच राहिली तर तिथे ७ वाजताच पोचाल.

खरी चूक तारखेत होते. १५ तारखेचं पहाटे १:३० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री साडेदहापर्यंत विमानतळावर. १५ च्या रात्री गेलात तर विमान कधीच गेलेलं असेल.

पतंग:
आभारी आहे. न्यूयॉर्कहून पुढे ह्यूस्टनला जायचं असेल तर मध्ये किती वेळ ठेवावा?

मधली_सीट:
तीन तास तरी. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, आणि सामान ह्यूस्टनपर्यंत टॅग केलेलं असलं तरी पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावं लागतं. नंतर परत सिक्युरिटी. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढली आणि पहिलं लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, मात्र मग तो थांबा ऐसपैस ठेवा.

नकाशावेडा:
आणि दोन्ही विमानं जेएफकेचीच आहेत ना ते बघा. नेवार्क विमानतळही ‘न्यूयॉर्क’ म्हणूनच दाखवतात, आणि ते नदीपलीकडे न्यू जर्सीत आहे.