मदत हवी आहे: पिक्चरचं नाव सांगा, रविवारच्या आत!

वैतागलेला_गडी: एका पिक्चरचं नाव हवंय. पोरीला मोठा आजार असतो, पोरगा एक नंबरचा लफडेबाज, तरी प्रेमात पडतात. हसवतोही. हॉस्टेलवर अर्धाच पाहिला होता. शोधून दमलो, नुसते रडके पिक्चर येतात. रविवारी दाखवायचाय.

मीनलताई: भाषा? आजार कोणता? कुणाला दाखवायचाय?

जुनं_ते_सोनं: 'अखियों के झरोखों से', १९७८. आपला सचिन आणि रंजिता.

खवचट: काका, त्यात तिला ब्लड कॅन्सर होतो. हसायचं कुठे?

जुनं_ते_सोनं: कॉलेजातली दोघांची चुरस आठवा आधी. हल्ली कुणी धड बघतच नाही.

वैतागलेला_गडी: अहो इंग्रजी! हिंदी असता तर इथे कशाला आलो असतो? पोरगा औषधं विकतो. एका हॉलमध्ये आजारी माणसं स्टेजवर येऊन स्वतःच्याच आजारावर विनोद करतात.

निवृत्त_एमआर: हा तर आमचाच धंदा! 'लव्ह अँड अदर ड्रग्ज', २०१०. जेक जिलनहाल फायझर या औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून औषधं खपवणारा, अ‍ॅन हॅथवेला ऐन पंचविशीत कंपवात. काळ व्हायग्रा येण्याच्या आसपासचा, ती अमेरिकेत १९९८ला आली. पठ्ठ्या रिसेप्शनिस्टला पटवून आत घुसतो, दुसऱ्या कंपनीची सॅम्पलं कचऱ्यात टाकतो. आम्ही बॅग मांडीवर घेऊन दवाखान्याबाहेर डुलक्या काढायचो. एकदा तर

खवचट: झालं, आता यांचं आत्मचरित्र.

गोळी_वेळेवर: कंपवात असेल तर लेव्होडोपा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी. डाळ-पनीरबरोबर नीट शोषली जात नाही. आमच्या सासूबाई

वैतागलेला_गडी: माहितीये हो. चार वर्षं घेतोय.

मीनलताई: थांब. आजार तुला आहे?

वैतागलेला_गडी: मग कुणाला? चौतिसावं चालू आहे. तिच्या आईबाबांना दाखवायचाय. ते अजून 'हो' म्हणाले नाहीत.

निवृत्त_एमआर: अरे देवा. तो पिक्चर सासू-सासऱ्यांसमोर? अर्धा वेळ दोघांच्या अंगावर कपडे नाहीत!

खवचट: आणि त्या स्टेजवाल्या प्रसंगानंतरचं विसरलास वाटतं. एकाची बायको शेवटच्या टप्प्यात असते. तो पोराला सांगतो, बॅग भर आणि निघ, बायकोवर प्रेम आहे, पण पुन्हा या वाटेला गेलो नसतो. हे तिच्या बाबांच्या कानावर घालणार?

वैतागलेला_गडी: एवढं बघितलंच नव्हतं. दिवे गेले होते.

मीनलताई: त्यापेक्षा 'द बिग सिक' लाव, २०१७. पाकिस्तानी वंशाचा पोरगा, शिकागोची पोरगी. ती कोमात, आणि हा तिच्या आईवडिलांबरोबर हॉस्पिटलात ताटकळतो. घरी याची आई दर जेवणाला एक स्थळ आणून बसवते. आपल्या लोकांना बरोब्बर कळतं. कुमैल नानजियानीने बायकोबरोबर स्वतःचीच गोष्ट लिहिली आहे.

वैतागलेला_गडी: पण ती बरी होते ना?

मीनलताई: हो.

वैतागलेला_गडी: मी होणार नाही, ताई.

जुनं_ते_सोनं: मग नुसता जेवायलाच बोलाव की रे त्यांना. माझ्या सासऱ्यांना मी कुठला पिक्चर दाखवला होता?

गोळी_वेळेवर: जेवायला बोलावलंस तर गोळी आधी घे. आमटी वाढताना हात हलला तर हलू दे.

वैतागलेला_गडी: आमटी तीच वाढणार आहे. तो स्टेजवरचा तुकडा तेवढा दाखवतो, पुढचं सुरू व्हायच्या आत बंद. कुणी नेमकी मिनिटं सांगेल का?

निवृत्त_एमआर: रात्री बघून कळवतो. बायको माहेरी गेलीये, हरकत नाही.