खोकल्यावरचे चिनी काढे: खोकला ओळखून द्यावेत, की देऊच नयेत?

रानजाई

या काढ्यांबद्दल दोनच सूर कानावर पडतात. एक, ‘फुप्फुसं धुऊन निघतात’. दुसरा, ‘सगळी भोंदूगिरी’. मला दोन्ही पटत नाहीत. घशाला आणि उबळीला यांनी आराम पडतो, पण खोकला कोणता हे पाहून दिले तरच. सिंगापूर-हाँगकाँगला राहणारी आपली मंडळी दुकानातून एकच पाकीट आणतात आणि घरात ज्याला खोकला होईल त्याला तेच पाजतात. गडबड तिथेच होते.

चिनी वैद्यक खोकल्याचे किमान तीन प्रकार मानतं. थंडी वाजते, नाक गळतंय, कफ पातळ आणि पांढरा: त्याला आलं, पेरिला या तुळशीच्या कुळातल्या वनस्पतीची पानं आणि ‘चनपी’, म्हणजे ग्वांगडोंगमधल्या शिनहुईची, किमान तीन वर्षं मुरवलेली संत्र्याच्या जातीच्या फळाची साल. घसा दुखतोय आणि अंगात कसर आहे: त्याला ‘सांग-ज्यू-यिन’. वू जूतोंग या वैद्याने १७९८ च्या सुमारास लिहून ठेवलेला हा आठ घटकांचा काढा, तुतीची पानं आणि शेवंतीची फुलं त्यात मुख्य. दोन पेले पाण्याचा एक पेला होईपर्यंत आटवायचा, दिवसातून दोनदा घ्यायचा. त्यातला पुदिना मात्र शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचा. आधीपासून उकळला तर त्याचं तेल वाफेबरोबर उडून जातं आणि हाती नुसतं हिरवट पाणी उरतं.

तिसरा कोरडा खोकला. कफ नाही, घशात काटे टोचल्यासारखं होतं. त्यावर ‘छ्वानबेई’ आणि नासपती. छ्वानबेई म्हणजे फ्रिटिलरिया या डोंगराळ वनस्पतीचा हरभऱ्याएवढा कंद. पाणीदार नासपती घ्यायची, देठाकडची चकती झाकणासारखी कापून बाजूला ठेवायची, बियांचा भाग चमच्याने कोरून काढायचा, पण तळ फोडायचा नाही, नाहीतर सगळा रस भांड्यात उतरतो. पोकळीत ३ ग्रॅम छ्वानबेईची पूड आणि १० ग्रॅम खडीसाखर. चकती परत बसवून टूथपिकने टोचायची, वाटीत उभी ठेवून ४० ते ६० मिनिटं वाफवायची. अख्खे कंद टाकू नका, तेवढ्या वेळात ते आतपर्यंत शिजत नाहीत. गर आणि रस दोन्ही खायचं. पांढऱ्या, भरपूर कफाच्या खोकल्यात हीच नासपती दिली तर कफ वाढतो, असं तिथले वैद्य सांगतात, आणि पाकीटवाले नेमकं हेच लिहीत नाहीत.

कोकणकडा

नासपती खुशाल खा. माझा आक्षेप ‘फुप्फुसांचं आरोग्य’ या शब्दांना आहे. प्यायलेला काढा अन्ननलिकेतून जठरात जातो, फुप्फुसात नाही. श्वासनलिका साफ ठेवतात तिथले केसांसारखे सूक्ष्म रोमक आणि त्यांवरचा चिकट स्राव. सिगारेटने ते रोमक लुळे पडतात. त्यावर उपाय सिगारेट सोडणं, चहा पिणं नव्हे. बीजिंगमध्ये धुरकं दाटलं की ‘फुप्फुस साफ करणारे’ चहा खपायचे. फुप्फुसाच्या तळाशी पोचलेला बारीक धूलिकण शेवंतीच्या फुलाने बाहेर येत नाही.

दुसरं असं, की सर्दीनंतरचा खोकला बहुतेकांचा तीन आठवड्यांच्या आत आपोआप जातो. दहाव्या दिवशी जो काढा सुरू केला, यशाचं श्रेय त्यालाच मिळतं. थंड, उष्ण, कोरडा ही विभागणी मांडायला सुबक आहे, पण ती पाहून दिलेला काढा न पाहता दिलेल्यापेक्षा सरस ठरतो, याचा भरवशाचा पुरावा कुठे आहे? तीव्र ब्राँकायटिसवरच्या चिनी वनौषधींचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा मूळ अभ्यासांचा दर्जाच इतका कमी निघाला की शिफारस करता आली नाही.

खलबत्ता

दोघांच्या वादात सुरक्षिततेचा मुद्दा मागे पडतोय. ‘वनस्पतीच आहे’ म्हणून निश्चिंत राहू नये अशा काही गोष्टी.

कडू जर्दाळूचं बी. चिनी सूपमध्ये गोडं ‘दक्षिणी’ आणि कडू ‘उत्तरी’ अशी दोन्ही पडतात, आणि दिसायला जवळपास सारखी असतात. कडव्यातल्या अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होतं. म्हणून कारखान्यात ते उकळत्या पाण्यात बुडवून साल काढतात: त्या उष्णतेने अमिग्डालिन फोडणारं विकर मरतं. कच्चं बी कुटून थंड किंवा कोमट पाण्यात भिजवलं, तर ते विकर जिवंत राहतं आणि विष सुटायला वाव मिळतो. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. घरगुती सूपमध्ये फक्त गोडं घालावं, चवीत काही बिघडत नाही.

ज्येष्ठमध. बऱ्याचशा चिनी काढ्यांत असतं. त्यातल्या ग्लिसिरायझिन या द्रव्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. ग्लिसिरायझिन दिवसाला १०० मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये अशी युरोपातली मर्यादा आहे. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आठवडेच्या आठवडे हे काढे पिऊ नयेत.

‘पांगदाहाय’. घसा बसला की गायक आणि शिक्षक हे सुकं फळ पितात. दोन-तीन फळं पेलाभर उकळत्या पाण्यात टाकून झाकलं की पंधरा मिनिटांत फुगून तपकिरी जेलीसारखी होतात. रेषा आणि बी काढून पाणी प्यायचं. हे रेचकही आहे, त्यामुळे ज्याचं पोट आधीच नरम आहे त्याने टाळावं. रोजचा चहा म्हणून तर नकोच.

काढ्यात घालतात त्या लोकाटच्या पानांच्या मागे बारीक लव असते. ती ब्रशने घासून काढावी किंवा पानं फडक्याच्या पुरचुंडीत बांधून उकळावीत. नाहीतर तीच लव घशाला खाजवते आणि खोकला वाढतो. काढा बेकार म्हणून ओरड होते, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दोष नुसत्या गाळणीने गाळण्याचा असतो.

शेवटचं, आणि सगळ्यात गंभीर. ‘मा दोऊ लिंग’ हे ॲरिस्टोलोकिया या वेलीचं फळ खोकल्यासाठीच वापरलं जायचं. त्यातल्या आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात, मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. खुद्द चीनने २०२० च्या आपल्या औषधकोशातून ते काढून टाकलं. जुन्या पुस्तकातल्या कृती आजही आंतरजालावर फिरतात. त्यात हे नाव दिसलं तर ती कृती तिथेच सोडून द्या.

उत्तरवारा

छ्वानबेई घेण्याआधी दोनदा विचार करा. हिमालय आणि तिबेटच्या पठाराकडेच्या उंच कुरणांवर, बहुतेक ३००० मीटरच्या वर, ती उगवते. औषध म्हणजे कंद, म्हणजे काढलं की झाड संपलं, आणि बीपासून विकण्याजोगा कंद व्हायला काही वर्षं जातात. २०२१ पासून चीनमध्ये ही जंगली जात संरक्षित यादीत आहे. भाव चढे, म्हणून भेसळ ठरलेली. मैदानी भागातले स्वस्त कंद निवडून छ्वानबेई म्हणून खपवतात. चांगल्या ‘सोंगबेई’ची, म्हणजे छ्वानबेईच्या उत्तम प्रतीची, खूण अशी: कंद लहान, एक मोठी पाकळी एका छोटीला कवेत घेते, बूड सपाट असल्याने तो टेबलावर उभा राहतो. फारच पांढरेशुभ्र आणि आंबट वासाचे कंद गंधकाची धुरी दिलेले असतात. पूड घेतली तर यातलं काहीच तपासता येत नाही. म्हणून कंद घ्या आणि घरी कुटा. त्याहून बरं म्हणजे नुसती नासपती आणि खडीसाखर वाफवा.

रानजाई

‘फुप्फुसं धुतात’ हे चूकच आहे, त्यावर वाद नाही. पण कोकणकडा, तुम्ही काढ्याला साखरपाण्याच्या पंक्तीत बसवताय. झाडपाल्यातून खोकल्याचं औषध निघालेलं आहे. ‘माहुआंग’ या एफेड्रा वनस्पतीतल्या एफेड्रिनवर १९२० च्या दशकात पेकिंगमध्ये काम झालं आणि दम्यासाठी ते जगभर गेलं. आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन आलं. आणि आपला हिरडा चिनी वैद्यकात जुन्या खोकल्यावर, बसलेल्या आवाजावर आजही वापरतात. या परंपरा एकमेकींकडून शिकत आल्या आहेत, त्यांची टर उडवून काय मिळणार?

कोकणकडा

टर उडवत नाहीये. उदाहरणं मात्र माझ्याच बाजूची दिलीत. एफेड्रिन आणि ब्रोमहेक्झिन मोजून मापून गोळीत भरली, म्हणून ती औषधं झाली. काढ्यात माहुआंग किती उतरलं हे पाजणाऱ्याला कळत नाही. एफेड्रा असलेली पूरकं २००४ मध्ये अमेरिकेने बंद केली ती हृदयावरच्या परिणामांमुळे. साध्या खोकल्यावर ज्यासाठी बरा पुरावा आहे तो मध, तोही एक वर्षावरच्या मुलांना आणि मोठ्यांना. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही, बॉट्युलिझम या जिवाणूंच्या विषबाधेचा धोका असतो.

खलबत्ता

एक भर, खास आपल्या घरांसाठी. चिनी परंपरेत ‘अठरा विरोध’ मानतात, म्हणजे एकत्र न द्यायच्या औषधांची यादी. त्यात बेईमू (छ्वानबेई त्यातलीच) आणि बचनाग ही जोडी आहे. आपल्याकडे तापसर्दीत सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्तीत शुद्ध केलेला बचनाग असतो. सकाळी त्रिभुवनकीर्ती आणि संध्याकाळी छ्वानबेई-नासपती, हे तिथला वैद्य कधीच करू देणार नाही. आधुनिक प्रयोगांत हा नियम किती टिकतो हा प्रश्न वेगळा, पण बचनाग मुळात हृदयाचा ठोका बिघडवू शकतो, तेव्हा त्याच्या जोडीला काही देऊच नये.

उत्तरवारा

ज्यांना घरात काहीतरी ठेवायचंच आहे, त्यांनी ग्वांगशीतल्या ग्वीलिनचं ‘लुओहान ग्वो’ ठेवावं. अर्धं फळ सालीसकट चुरडून लिटरभर पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. साखर लागत नाही: त्याची गोडी मोग्रोसाइड या द्रव्याची, म्हणून मधुमेह्यांनाही चालतं. भट्टीत वाळवलेल्या तपकिरी फळाला धुरकट वास येतो. तो नको असेल तर कमी उष्णतेवर वाळवलेलं सोनेरी फळ घ्या. हलवून पाहा, आत खुळखुळ वाजलं तर गर सुकून गेलाय, घेऊ नका.

रानजाई

हे मान्य, लुओहान ग्वोमध्ये निवड चुकली तरी नुकसान कमी. तरी पातळ पांढऱ्या कफाला मी आलं-चनपीच देईन. आणि पाकिटांवर कोणत्या खोकल्यासाठी ते ठळक छापलं पाहिजे, हे माझं म्हणणं कायम आहे.

कोकणकडा

छापाच, पण त्याखाली आणखी एक ओळ हवी. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. थुंकीत रक्त, धाप, रात्रीचा घाम किंवा वजन उतरणं दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका. भारतात क्षयाचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत आणि गोड, सुगंधी काढ्याने रात्रीची उबळ थोडी शमली की माणूस तपासणी महिनाभर पुढे ढकलतो. त्या महिन्यात घरातल्या इतरांना लागण होते.

खलबत्ता

ती ओळ मराठीत छापली तर उत्तम. इथे येणाऱ्या पाकिटांवरची सूचना बहुधा चिनी लिपीत असते आणि घेणारा मागचं चित्र बघून अंदाज बांधतो.