मदत हवी आहे: दत्तक लेक येतेय, सासूबाईंना नातू हवाय

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत असतो, मूळचे साताऱ्याकडचे. 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणारी भारत सरकारची संस्था) पोर्टलवर नोंदणी, इथल्या संस्थेची घरी येऊन चौकशी, सगळं पार पडलं. महाराष्ट्रातल्याच एका संस्थेतली साडेचार वर्षांची मुलगी सुचवली गेली, आम्ही होकार कळवला. आता दत्तकाच्या आदेशाची वाट बघतोय.

अडचण कागदांची नाही, सासूबाईंची आहे. "परक्याचंच आणायचं तर मुलगा तरी आणा," हे रोज फोनवर. बाई वाईट नाहीत हो. पण त्यांच्या सख्ख्या बहिणीचं नावच नकुशी! 2011 मध्ये साताऱ्यात नकुशा नावाच्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली; मावशी तोवर साठीला आल्या होत्या, त्यांचं राहिलंच.

ऑफिसातली एक मैत्रीण चीनमधून दत्तक आलेली, एक-मूल धोरणाच्या काळातली. "मी मुलगी होते म्हणून सोडलं का?" हे तिने सातव्या वर्षी आईला विचारलं होतं. ते ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. आमची लेक तर मराठीच बोलते, आजीचा शब्दन् शब्द तिला कळणार.

ज्यांनी असं मोठं मूल घरी आणलंय त्यांनी सांगा: आजी-आजोबांना आधी कसं तयार केलंत? की सुरुवातीचे काही महिने फोन लांबच ठेवलात? आणि मुलीने तो प्रश्न विचारला तेव्हा नेमकं काय बोललात? नवरा म्हणतो, "आई बघितल्यावर विरघळेल." मला त्या भरवशावर राहायचं नाहीये.